काळ्या चित्रासमोर आप्पा

आमचं गाव अणशी सोडलं त्या सकाळी आप्पांनी मला लाकडं भरलेल्या लॉरीत ड्रायव्हरशेजारी बसवलं. अव्वा, माझी आई, रस्त्याच्या कडेला उभी होती. शाळेच्या भिंतीवर मी रंगवलेला गणपती बघून गावानंच ठरवलं होतं, ह्या पोरानं मुंबईला जाऊन चित्रकला शिकायची. लॉरी हलताना आप्पा म्हणाले, "जसं दिसतंय तसं काढाय शीक."

गावकऱ्यांनो, तुमच्यातले काही गावात राहिले, काही माझ्यासारखे बाहेर पडले. पुढची हकीकत तुम्हा सगळ्यांना अर्धीच ठाऊक आहे.

पहिली वर्षं मी तसंच शिकलो. मग परदेशात राहून आलेले एक सर वर्गावर आले. त्यांनी जमिनीवर चादरीएवढं कापड अंथरलं, दारांना लावायचा काळा आणि तांबडा रंग पुढे ठेवला आणि सांगितलं की आज माणूस, झाड, काहीही काढायचं नाही. हात नेईल तिकडे जायचं. अॅबस्ट्रॅक्ट एक्स्प्रेशनिझम म्हणतात ह्याला. मला वाटलं, चेष्टा करतायत. बराच वेळ नुसता उभा राहिलो. मग रागानंच ब्रश बुडवून कापडावर आपटला. पुढचं नीट आठवत नाही. थांबलो तेव्हा शर्ट भिजला होता. समोरचं सगळं माझ्या हातून झालं ह्यावर विश्वास बसेना. मला त्याची भीतीच वाटली.

ठेवायला जागा नव्हती म्हणून ते कापड खोलीत भिंतीवर टांगलं. त्याच आठवड्यात आप्पा न कळवता आले, तांदूळ आणि आमसुलं घेऊन. दारातच थबकले. गाठोडं खाली ठेवायचंही त्यांना सुचेना. मग आजाऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कवापास्नं व्हतंय असं?"

मी सरांचं सांगू लागलो. ते ऐकेचनात. खाटेवर बसून त्यांनी मला त्यांचा चेहरा काढायला लावला. मी काढला, कपाळावरच्या अस्वलाच्या नखाच्या खुणेसकट. हात शाबूत आहे म्हणाले, पण चेहरा काही सैलावला नाही. उठून पुन्हा त्या कापडासमोर गेले.

"बाळू, ह्ये घरात दावू नगंस. अव्वा रडंल."

"का?"

"तू हितं लई एकटा हाईस, ते तिला कळंल."

दर पत्रात मी मजेत असल्याचं लिहीत होतो, आणि मलाही ते खरंच वाटत होतं.

आप्पा संध्याकाळच्या गाडीनं परतणार होते, भात कापणीला आलं होतं. ते गेले नाहीत. रोज मी वर्गावरून यायच्या आत स्टोव्हवर भात आणि आमसुलाची कढी करून ठेवायचे. त्या वर्षी आमचं भात तुम्ही कापलंत, हे मला फार उशिरा, अव्वाकडून कळलं.

आता दोघंही नाहीत. घर कुठलं असं कुणी विचारलं की मी अणशी सांगतो. डोळ्यांपुढे मात्र मुंबईची ती खोली येते. आप्पा स्टोव्हला पंप मारतायत, आणि तिकडे आमच्या शेतात तुम्ही वाकलेले आहात.