नागपूर पकडणारी तार

लग्न होऊन मी देऊळगाव राजाहून जानेफळला आले, तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं आणि आमच्या गावात वीज यायची होती. पण घरात रेडिओ होता! आमचे हे शाळेत मास्तर. जाडजूड बॅटरीवर चालणारा तो पेटीएवढा रेडिओ त्यांनी हौसेनं घेतला होता आणि बायकोपेक्षा त्यालाच जास्त जपायचे. मी तसं तोंडावर म्हणायची. हे नुसते हसायचे, त्यामुळे मला आणखी राग यायचा.

त्या वर्षी नागपूरच्या रेडिओची माणसं टेपचं यंत्र घेऊन मेहकरला आली होती. त्यांना जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बायका हव्या होत्या. ह्यांनी आग्रह करकरून माझ्या सासूबाईंना नेलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई गेल्या, ओव्या म्हणून आल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. "एका डब्यापुढं बसवलं अन् म्हने म्हना, मंग म्या म्हनलं," एवढीच हकिगत. त्या माणसांना घाई होती, टेप परत वाजवून काही कुणाला ऐकवली नाही.

महिन्याभरानं कार्ड आलं. येत्या रविवारी सकाळी साडेअकराला ओव्या लागणार. एकदाच. हुकल्या की हुकल्या. आत्याबाईंनी आपला आवाज आयुष्यात कधी बाहेरून ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायला मिळेल अशी काही आशा नव्हती.

पंचाईत अशी की आमच्याकडे दिवसा नागपूर लागतच नसे. रात्री कुठल्या कुठल्या मुलखातली केंद्रं खणखणीत, आणि दिवसा आपलं नागपूर म्हणजे नुसती कढईतली मोहरी! हे म्हणाले, तार उंच पाहिजे, लांब पाहिजे. मी म्हटलं, "पण त्या मेल्या तारेत येतं तरी काय?"

त्यांनी मला विहिरीवर नेलं. पाण्यावर कडुनिंबाचं एक पान तरंगत होतं. ह्यांनी अलीकडच्या काठाशी पाण्यावर बादली आपटली. जराशानं पलीकडचं पान डुललं.

"पानाले कोनी हात लावला का?"

"नाही."

"मंग? नागपूर म्हंजे ही बादली अन् आपली तार म्हंजे ते पान. तिकून लाटा निघतात, पान्याच्या नाही, विजेच्या अन् चुंबकाच्या. तारेवरून गेल्या का तारेतली वीज त्याहीच्या तालावर हालते. लई थोडी, मुंगीच्या पावलाएवढी. तेवढी रेडिओपर्यंत आनायची, वाटेत सांडू द्यायची नाही. बस."

माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे आत्ता, या घडीला, विहिरीवरून, ज्वारीवरून, माझ्या डोक्यावरच्या पदरावरून नागपूर वाहत होतं आणि मला पत्ता नव्हता! घरी येईपर्यंत मी ह्यांना शंभर प्रश्न विचारले. राग कुठल्या कुठे गेला.

शनिवारी तार चढली. एक टोक टिनाच्या छपरावर उभारलेल्या वेळूला, दुसरं अंगणापलीकडच्या निंबाला. दोन्ही टोकांना चिनी मातीचे गट्टू, म्हणजे तारेतलं काही वेळूत किंवा झाडात उतरू नये. तारेला खालच्या वायरचा जोड द्यायला शेजारचे कल्हईवाले चाचा आले. नवसागराचा धूर करून त्यांनी असा चकचकीत डाग दिला की हे म्हणाले, "चाचा, भांड्याले कल्हई करता का नागपूरले?" रेडिओची दुसरी एक वायर न्हाणीजवळच्या ओल्या मातीत पुरली. आणि लावलं तर काय, भर दुपारी नागपूर शेजारच्या ओसरीवर बसून बोलल्यासारखं! मी टाळ्या पिटल्या. सुनेनं टाळ्या पिटायच्या नसतात, पण पिटल्या.

रविवारी पहाटे मला कावळा शिवला. नेमका तोच दिवस त्याला सापडला! मी बसले अंगणात गोठ्याच्या कडेला, चार हात लांब. आत ओसरीवर अर्धं गाव लोटलेलं. माजघरात बाया मावत नव्हत्या. सगळे रेडिओकडे तोंड करून आणि मी एकटी सगळ्यांच्या पाठी मोजत. मनात कावळ्याला काय काय शिव्या दिल्या ते इथं लिहीत नाही.

साडेअकरा वाजले. निवेदकाचं बोलणं सुरू झालं न झालं, तोच आवाज बसला. खरखर. हे बटण फिरवताहेत, खरखर. कोणी म्हणे बॅटरी मेली, कोणी म्हणे नागपूरच बंद पडलं. त्या खरखरीच्या तळाशी कुठंतरी एक बाई गात होती, पण शब्द काही कळत नव्हता. मी तारेकडे पाहिलं.

तारेवर लुगडं होतं! आत्याबाईंचं सोवळ्याचं, नऊवारी, ओलंचिंब. रविवारी सोवळ्यात नैवेद्य रांधून झाला की त्या लुगडं धुऊन माजघरातल्या उंच वलनीवर, कपडे वाळवायच्या दांडीवर, काठीनं टाकायच्या, म्हणजे कुणाचा हात लागायला नको. आज माजघर बायांनी भरलेलं. मग कुणाचा हात पोचणार नाही अशी नवी कोरी वलनी लेकानंच बांधून ठेवली होती की! एक टोक तारेवर आणि दुसरं ओलं टोक वाऱ्यानं उडून नुकतंच गोठ्याच्या टिनावर चिकटलेलं. ह्यांनी मुंगीच्या पावलाएवढं म्हटलेलं सगळं नागपूर त्या लुगड्यातून टिनावर आणि टिनावरून जमिनीत चाललं होतं.

"अहो, लुगडं! लुगडं काढा!" मी ओरडले. ह्यांचं डोकं रेडिओच्या पाठीत. ओसरीवर जागा न मिळाल्यामुळे चाचा दाराशी उभे होते, त्यांनी मात्र वळून वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. धावत आले आणि लुगड्यापासून हातभर अंतरावर थांबले.

"बेटी, मी कसा हात लावू? सोवळं हाय ते."

मी तर त्या दिवशी त्याहून वाईट. पण आत बाई गात होती, ओव्या संपत होत्या. मी उठले, टिनावरचं टोक धरलं आणि सगळ्या अंगानिशी ओढलं. लुगडं धप्पकन माझ्या डोक्यावर आलं आणि त्याच क्षणी आतून आवाज उसळला. स्वच्छ! जात्याची घरघरसुद्धा रेडिओवाल्यांनी घेतली होती. माहेरच्या वाटेवरची ओवी होती, बैल सावकाश चालतात ती. मी ओल्या लुगड्यात गुंडाळलेली, आनंदानं उड्या मारायच्या तेवढ्या बाकी होत्या.

मग भानावर आले. आत्याबाई ओसरीच्या पायरीवर आल्या होत्या. माझ्याकडे, हातातल्या लुगड्याकडे पाहत होत्या. आता माझं काही खरं नाही, असं मला वाटलं.

"आत्याबाई, ते तारेवर..."

"चूप बस." त्यांनी बोट ओठावर ठेवलं. मान रेडिओकडे वळवली. "कोन गाते वं?"

"तुम्ही, आत्याबाई. तुमचाच आवाज."

"माहा नाही. मले माहा आवाज ठाऊक नाही का?" त्या पायरीवर खालीच बसल्या. "माही माय हाय ते."

त्यांची माय जाऊन तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती. ओवी संपली, जातं थांबलं. निवेदकानं कापसाचे भाव सांगायला घेतले आणि लोक उठू लागले.

आत्याबाई उठल्या नाहीत. रेडिओकडे पाहत, अगदी लहान पोरीच्या आवाजात म्हणाल्या, "माय, आनखी एक म्हन ना वं."