न आलेल्या सुनेची नोंद

आधीच सांगतो, भूत, करणी, अंगात येणं यावर माझा काडीचा विश्वास नाही. मी सोलापुरात सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये आयुष्य काढलं. जुन्या कागदांच्या नकला द्यायच्या आणि खाली शिक्का मारायचा, एवढंच काम. कागद नाही म्हणजे ती गोष्ट घडलीच नाही, हा माझा धर्म. या सदरात लोक पांढऱ्या साडीतल्या बाईबद्दल लिहितात ते मी जेवताना करमणूक म्हणून वाचतो. माझ्याही अनुभवात एक लुगडं आहे... पण ते हिरवं.

साल १९७७. आमचं घर बाळीवेशीजवळ. घरात दोनच माणसं, अप्पा आणि मी. अव्वा, म्हणजे आई, एकोणसत्तर साली गेली. अप्पांचं धान्याचं छोटं दुकान होतं आणि सगळा जीव मागच्या काळात — पणजोबा असे होते, खापरपणजोबा तसे होते. माझा सगळा जीव पुढच्या काळात. मी स्कूटरला नंबर लावला होता आणि तो सात वर्षांनी लागणार होता. तेव्हा भविष्य म्हणजे रांगच असायची. मधला जो आजचा दिवस असतो, केर, भांडी, धुणं, त्याच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. घर कसं दिसत असेल ते सांगायला नको.

अशात अक्कलकोटची सुमित्रा सांगून आली. बघायला गेलो तेव्हा तिनं मला एकच प्रश्न विचारला, "रेकॉर्ड रूममध्ये उंदीर असतात का?" मी म्हटलं, "असतात, पण ते नवेच कागद खातात." ती हसली आणि मी तिथंच कामातून गेलो. आता पुढच्या रविवारी तिचे वडील आणि मामा आमचं घर बघायला येणार होते.

अप्पांनी ठरवलं की त्याच वेळी हेळवी बोलवायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — हेळवी म्हणजे घराण्याची वंशावळ म्हणून दाखवणारा. चार-पाच वर्षांनी एकदा बैलावर बसून दारात येतो, मागच्या पिढ्या घडाघडा म्हणतो. मधल्या काळातले जन्म, लग्नं, मृत्यू घरातल्या बाईला विचारून पोथीत चढवतो, आणि धान्य-कपडा घेऊन जातो. आमच्या हेळव्याचं, सिदप्पाचं बिऱ्हाड तेव्हा मोहोळजवळ माळावर उतरलं होतं. मी म्हटलं, "अप्पा, मुलगी मला द्यायचीय, पणजोबांना नाही."

"पणजोबा न्हाई बघितले तर तुला कोण देतंय?" अप्पा म्हणाले.

रविवारी पाहुणे आले. शेंगापोळी वाढली. दारात बैलाची घंटा वाजली आणि सिदप्पानं सुरुवात केली. सात पिढ्या खणखणीत झाल्या. मामा माना डोलवत होते, अप्पांची छाती फुगत होती... आणि सिदप्पा थांबलाच नाही.

"मलकप्पाचा पोरगा शिवानंद, कचेरीत कारकून. त्येची बायकू शांतव्वा, करकंबची. लेकरं तीन."

मामांचा घास हातातच राहिला. "किती?"

"तीन की. दोन पोरी, एक पोरगा."

मामांनी शांतपणे हात धुतले. निघताना मला विचारलं, "थोरली कितवीत हाय?"

पाहुणे गेले. मला वाटलं अप्पा आता सिदप्पाला झोडपणार. पण अप्पांचा पोथीवर जो विश्वास, तो पोटच्या पोरावर कुठला? ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी न्हाई म्हणलो असतो का? नातवंडं कुटं हायेत?"

माझं ठरत आलेलं लग्न एका वाक्यात मोडलं होतं. पण मी रेकॉर्डमधला माणूस. नोंद चुकली तर दुरुस्ती होते. सोमवारी रजा टाकली, कोऱ्या कागदावर "विषय: चुकीच्या नोंदीची दुरुस्ती" असा अर्ज लिहिला आणि एसटीनं मोहोळ गाठलं. माळावर पालासमोर बसलेल्या सिदप्पाला अर्ज वाचून दाखवला. त्यानं तो मन लावून ऐकला.

"सायेब, आमी फुडचं सांगत न्हाय. त्ये पिंगळ्याचं काम. आमी झालेलं तेवडंच सांगतो."

"मग हे तुला सांगितलं कोणी?"

"तुमच्या अव्वानं की. दुष्काळात आलतो, दुपारच्याला. अप्पा दुकानात व्हते. अव्वांनीच दार उगडलं, उंबऱ्यात हुब्या राहून सगळं लिवून घ्या म्हनल्या."

मी म्हटलं, "अव्वा एकोणसत्तरला गेली. दुष्काळ बहात्तरचा."

त्यानं पोथी उघडली, बोट फिरवलं, पान उलटलं, परत मागे आला. अव्वा गेल्याची नोंद तिथं नव्हतीच. "ह्ये काय त्यांनी सांगितलं न्हाय," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "सवताचं कोन सांगतंय म्हना."

मी चिडलो. नाव कोणी, कशासाठी घालायला लावलं, ते खरं सांग म्हटलं. तो बिचारा गोंधळून गेला. "खोटं कशाला बोलू? जुंदळा न्हाय म्हनल्या, लुगडं दिलं. त्ये बगा, बायकू नेसलीया."

चुलीपाशी त्याची बायको भाकरी थापत होती. अंगावर विटलेलं हिरवं इरकली लुगडं. पदराजवळ एक ठिगळ, खाकी. चौथीत असताना मी फुलबाजीनं अव्वाचा पदर जाळला होता, आणि तिनं माझ्याच जुन्या हाफपँटचा तुकडा लावून तो शिवला होता. हिरव्या लुगड्याला खाकी ठिगळ, गल्लीभर हसले होते. तसं दुसरं लुगडं जगात असणं शक्य नाही. मी अर्ज घडी करून खिशात घातला आणि परत आलो.

अव्वाची ट्रंक ती गेल्यापासून बंद होती. तिची किल्ली अप्पांच्या करदोड्याला, आंघोळीलासुद्धा निघायची नाही. त्या संध्याकाळी आम्ही ती उघडली. कुलूप शाबूत, कडुनिंबाचा पाला जिथल्या तिथं, तीन लुगड्यांपैकी दोन व्यवस्थित घडी केलेली. हिरवं नव्हतं. दुष्काळाच्या त्या दिवसांत दुपारी घराला कुलूप असायचं आणि घराची किल्ली माझ्या खिशात. शेजारी विचारलं, कोणी काही पाहिलेलं नाही.

अप्पांनी ट्रंकेला परत कुलूप घातलं, किल्ली करदोड्याला बांधली. मग म्हणाले, "दारापतोर आली आन् मला न भेटताच गेली." मला फार वाईट वाटलं. आठ वर्षांत आम्ही दोघं अव्वाबद्दल बोललोच नव्हतो. त्या रात्री बोललो.

अक्कलकोटला मी खुलाशाचं पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. पुढं सुमित्राचं लग्न दुसरीकडे झाल्याचं कळलं. मग मी करकंबला गेलो, ते फक्त तिथं अशी कोणी नाही हे सिद्ध करायला. शांता नावाच्या खंडीभर निघाल्या. पण आमच्यातली, बिनलग्नाची, एकच. प्राथमिक शाळेत मास्तरीण. दार तिनंच उघडलं.

"तुम्ही शिवानंद ना? तुमचे वडील दोनदा येऊन गेले. तीन लेकरांचं ठरलंय म्हणे." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती पुढे म्हणाली, "मला न विचारता माझं नाव लिहायला लावलं कोणी, तेवढं सांगा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या सासूबाईंनी."

ती हसली. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. तुम्ही म्हणाल, शोधायला गेलात म्हणून सापडली. मान्य. पण शांताचं घर नातेपुत्याहून करकंबला आलं ते पंच्याहत्तर साली. दुष्काळात ती करकंबची नव्हतीच. आणि आम्ही दोनच मुलं ठरवली होती, थोरल्या गंगीनंतर फक्त एक. दुसऱ्या खेपेला जुळी झाली, पोरगी आणि पोरगा.

गंगी दुसरीत असताना हेळवी पुन्हा आला. सिदप्पा थकला होता, त्याचा मुलगा पोथी घेऊन आला होता. शांता उंबऱ्यात उभी राहून नावं सांगत होती. "थोरली गंगा, डॉक्टर."

गंगीचं नाक वाहत होतं. मी म्हटलं, "अगं, ही खोटी नोंद आहे."

"सासूबाईंची चालली ना?" असं म्हणून तिनं स्वतःची चांगली साडी त्याच्या हातावर ठेवली. गंगी आज डॉक्टर आहे. त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आहे — तिच्या आईनं तिला दहा वर्षं खेळू दिलं नाही. लुगड्याचं स्पष्टीकरण मात्र मला आजतागायत मिळालेलं नाही. कोणाला सुचलं तर जरूर कळवा.

जाताना त्या मुलानं पान उघडून मला विचारलं, "आजीबाई गेल्याचं राहिलंय जनू. चढवू का?"

कारकून म्हणून मी हो म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, राहू दे.