आमच्या घरातली मराठी

परवा जर्मनीहून लेकीचा फोन आला. तिच्या सहा वर्षांच्या इराला शाळेत घालायचंय, आणि दोन शाळांवर गाडी अडलीय... एक इंटरनॅशनल, सगळं इंग्रजीत. दुसरी बायलिंग्वल, अर्धं जर्मन आणि अर्धं इंग्रजी.

"आई, तुला काय वाटतं?" म्हणाली. मला काय वाटणार! पण फोन ठेवला आणि धुळ्यातल्या देवपूरच्या त्या शाळेचा व्हरांडा डोळ्यांपुढे आला.

स्वातंत्र्याला दहा-अकरा वर्षं झाली असतील. माझे वडील, म्हणजे नाना, नैरोबीला रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते. ती नोकरी संपवून आम्ही कायमचे धुळ्याला परत आलो. मी नऊ वर्षांची. तिकडे माझी शाळा इंग्रजी, मैत्रिणी गुजराती, आणि घरी मराठी बोलायला एकटी आई... तीही धुळ्याजवळच्या खेड्यातली, शाळेची पायरी न चढलेली.

नाना घरात साहेब असायचे. माझ्याशी इंग्रजीतच बोलायचे, प्रॅक्टिस व्हावी म्हणून. ऑफिसला निघताना आईला मात्र रोज बजावायचे, "पोरीशी मराठी बोलत जा. उद्या देशात जायचंय." आई भाकरी थापता थापता म्हणायची, "मंग मी काय बोलस?"

धुळ्यात आल्यावर प्रश्न उभा राहिला, सुमनला, म्हणजे मला, कुठे घालायचं? मराठी शाळेत तेव्हा इंग्रजी फार पुढच्या वर्गात सुरू व्हायचं. पोरीचं इतकं चांगलं इंग्रजी गंजून जाईल, ही नानांना धास्ती. त्यांनी पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेचा फॉर्मसुद्धा मागवून ठेवला होता.

त्या आठवड्यात आईने माझी वेणी रोज दोनदा घातली. मला बोर्डिंग म्हणजे काय ते नीट कळत नव्हतं, पण आई तिथे नसणार एवढं कळलं होतं.

शेवटी नानांनी एक तोड काढली. देवपूरच्या शाळेने मला थेट चौथीत घेतलं तर मी घरी राहायचं. पहिलीत बसवायची भाषा केली, तर पाचगणी.

पांझरा नदीचा पूल ओलांडून आम्ही तिघं शाळेत गेलो. आई व्हरांड्यातच थांबली, आत यायला लाजली. हेडमास्तर काळी टोपी घातलेले, बोलणं अगदी छापील. त्यांनी गणितं घातली, मी पटापट सोडवली. इंग्रजी धडा वाचायला दिला, तो तर मी घडाघडा वाचला. नाना खुर्चीत जरा सैल बसले.

"शाब्बास! आता मराठीत स्वतःबद्दल सांग पाहू."

मला तर हेच सगळ्यात सोपं वाटलं. हाताची घडी घालून, खणखणीत आवाजात सुरू केलं... "मनं नाव सुमन शे. आम्ही बठ्ठा आगबोटमा बशीसन उनूत..."

दाराशी उभा शिपाई फिसकन हसला. नानांचा चेहरा पडला. मला कळेचना, चुकलं कुठे? आम्ही सगळे आगबोटीत बसून आलो, हे मी तर मराठीतच सांगत होते! आईची अहिराणी म्हणजेच मराठी, अशी माझी नऊ वर्षं पक्की समजूत होती.

हेडमास्तरांनी शिपायाकडे एकदाच पाहिलं. तो गप्प. मग मला विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?"

"मनी मायनी."

हेडमास्तर नानांकडे वळून म्हणाले, "इथली निम्मी मुलं 'शे' म्हणतच येतात हो. वर्षभरात 'आहे' म्हणायला लागतात. पण आफ्रिकेत राहून हे टिकवणारी पोर मी पहिल्यांदाच पाहतोय. चौथीत बसू द्या." इंग्रजी रोज शाळा सुटल्यावर ते स्वतः घेणार होते.

आम्ही बाहेर आलो, ते दारापर्यंत आले. आई पदर सावरत उठली. नानांकडे पाहिलंच नाही तिने, सरळ हेडमास्तरांनाच विचारलं, "पोर घर राही ना, भाऊ?"

आणि ते छापील बोलणारे हेडमास्तर म्हणाले, "घरच राही, अक्का."

आई तिथेच, सगळ्यांसमोर रडली.

मी घरी राहिले. हेडमास्तर म्हणाले तसंच झालं, वर्षभरात माझं 'आहे' झालं. इतकं पक्कं झालं की पुढे आईशीही मी 'आहे'च बोलायला लागले... आणि तिने कधी एका शब्दाने टोकलं नाही. माझ्या लेकीच्या कानावर तर मी 'शे' पडूच दिलं नाही. याचं आज वाईट वाटतं, खरंच वाटतं.

काल लेकीला फोन करून सांगितलं, "शाळा कुठलीही घे गं. फक्त पोरीवर रागावशील, तिला जवळ घेशील, ते आपल्या मराठीत." ती हसली, आणि फोन इराकडे दिला.

काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "काय करी राहिनी वं, माय?"

इरा खुदकन हसली. म्हणाली, "आजी, ही कुठली लँग्वेज?"

मी सांगितलं, "मराठी."