टेम्पोतली माझी जागा

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडाकडे धरली आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाले, "व्हायरल एन्सेफलायटिस. म्हणजे मेंदूला सूज आलीये. जीव वाचेल, पण आधीसारखी होईल असं मी आत्ता सांगत नाही." मी शुद्धीवर नव्हते. हे मला आईने खूप नंतर सांगितलं.

मी तेव्हा दहावीत होते. आमची मखमलाबादला भाजीची शेती. फ्लॉवर काढला की बांधावरून गड्डे फेकायचे आणि टेम्पोत उभं राहून झेलायचे, ही आमची पद्धत. झेलायला मीच असायचे, कारण माझ्या हातून गड्डा सुटत नसे. याचा मला भारी माज होता. एका सकाळी गड्डे निसटायला लागले. अंगात ताप होता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी मला फिट आली.

दवाखान्यात लंबर पंक्चर केलं, म्हणजे कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी तपासलं. समोरच्या खाटेवर माझ्याच वयाची, याच आजाराची एक मुलगी होती. एका दुपारी तिच्याभोवती पडदा ओढला. मग खाट धुतली. आईने माझं तोंड भिंतीकडे वळवलं.

घरी आले ती हेमिपरेसिस घेऊन, म्हणजे डावं अंग अर्धवट लुळं. मैत्रिणी हळूहळू यायच्या बंद झाल्या. ज्या बायका येत त्या माझ्यासमोरच आईला विचारत, "आता हिच्या लग्नाचं कसं गं?" मी पेला उचलला तरी घरातले धावत. टेम्पोत चुलतबहीण उभी राहायला लागली आणि मला शाल गुंडाळून ओट्यावर बसवू लागले. मला मरून जावंसं वाटायचं. उगाच लिहायचं म्हणून हे लिहीत नाही.

फिजिओथेरपीच्या, म्हणजे व्यायामाने उपचार करणाऱ्या, मॅडमनी मला सातपूरला लताबाईंकडे पाठवलं. बाई तरुणपणी सर्कशीत होत्या. आता कामगार वस्तीतल्या एका हॉलमध्ये दर रविवारी पोरांना कसरती शिकवत. आई चिडली. "पोरीला धड चालता येईना, अन् सर्कस?"

बाईंनी आधी फक्त गादीवर पडायला शिकवलं. घरी मी पडले की बोंबाबोंब व्हायची. इथे सगळेच पडत आणि उठून पुन्हा रांगेत लागत. एक मुलगा अडखळत बोलायचा, एकाला शाळेतून काढलं होतं. कुणी कुणाची कीव करत नसे, तेवढी फुरसतच नव्हती. मग एकदा मनोरा रचताना बाईंनी मला खालच्या थरात बसवलं.

"मी पडले तर?"

"मग वरची पण पडेल. म्हणून पडू नको," बाई म्हणाल्या.

एक लहानगी माझ्या उजव्या खांद्यावर चढली. कुणीतरी माझ्या भरवशावर उभं होतं. मी थरथरत होते, पण हलले नाही. हॉलबाहेर येऊन मात्र खूप रडले.

डावा हात परत आला नाही. आजही बटणं लावताना रडकुंडीला येते. सर्कशीने आजार बरा होतो असं मी कुणाला सांगणार नाही. पण तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्याला शालीत गुंडाळून ठेवू नका, काहीतरी धरायला द्या. लताबाईंचे माझ्यावर एवढे उपकार आहेत.

मनोरा रचला त्याच हिवाळ्यात मी पुन्हा टेम्पोत चढले. अण्णांनी गड्डा अलगद टाकला, तान्ह्या पोराला चेंडू द्यावा तसा.

"नीट फेका ना!" मी ओरडले.

पुढचा जोरात आला, छातीवर आपटून खाली पडला आणि फुटला. त्यानंतरचाही फुटला.

"नीट धर की गं! लय भाव हाय मालाला, मातीत घालती का?" अण्णा खेकसले.

दवाखान्यातून आल्यापासून घरात माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं. मी उजवा हात पुढे केला आणि म्हणाले, "टाका."