सशांसाठी परेड

शिट्टीबाईंना खरं नाव होतं, पण ते फक्त दवाखान्याच्या फाइलवर उरलं होतं. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत व्यायामाचा तास घेतला आणि चौतीस वर्षं त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ती उतरली नव्हती. दूध उतू जाऊ लागलं की त्या आधी शिट्टी वाजवत आणि मग गॅस बंद करत. मुलांनाही त्या कधी नावाने ओळखत नसत, हजेरीपटावरच्या नंबराने ओळखत. बँकेचा मॅनेजर झालेला पन्नाशीचा गृहस्थ रस्त्यात दिसला की त्या लांबूनच ओरडत, "काय रे सतरा, पोट आत!" आणि तोही हाताखालच्या माणसांदेखत पोट आत घेई.

बाई राहत होत्या थोरल्या बहिणीकडे. ताई कोर्टात नकला करणारी कारकून होती. एक स्वल्पविराम चुकला तर अख्खं पान पुन्हा लिहून काढणारी. निवृत्तीनंतर तिचा खुब्याचा सांधा बदलला, हातात काठी आली, डावा पाय जरा घासत पडू लागला. तेव्हापासून तिचा सगळा जीव घरामागच्या सहा वाफ्यांत अडकला होता. पालक, कोबी, गाजर, घेवडा. रोज सकाळी ती कवळी वाटीतच ठेवून, चहाही न घेता आधी वाफे बघून येई.

वाफ्यांपलीकडे तारेचं मोडकं कुंपण, आणि कुंपणापलीकडे शाळेचं जुनं मैदान. शाळा नव्या इमारतीत गेली, मैदान मागे राहिलं आणि दहा वर्षांत कमरेइतकं रान माजलं. त्या रानात ससे राहायला आले. आणि ससे असल्यावर ते ताईचा पालक खाणार नाहीत तर काय, वर्तमानपत्र वाचत बसणार?

एका सकाळी ताईला गाजराच्या वाफ्यात एकही शेंडा शिल्लक दिसला नाही. आत आली, कवळी बसवली, चष्मा लावला आणि शाळेच्या कार्यालयाला अर्ज लिहिला. मैदान यंत्राने खरवडून स्वच्छ करावे, ही विनंती. आठ दिवसांत मंजुरीही आली. ताईच्या अर्जात नाही म्हणायला जागाच नसायची.

शिट्टीबाईंनी ती मंजुरी दोनदा वाचली. त्या मैदानावर त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. रोज दुपारी तिथे दीडशे पोरं धावायची. शाळा हलल्यावर तिथे नुसतं गवत हलताना त्यांना बघवत नसे. मग एक दिवस ससे दिसले आणि त्यांना वाटलं, चला, पुन्हा कुणीतरी इथे पळायला आलं. हे त्या कुणाला सांगत नसत. व्यायामाच्या बाईंनी असलं काही बोलायचं नसतं.

"ताई, ससे मैदानातच पोटभर जेवले तर तुझ्या वाफ्यात कशाला येतील?" त्या म्हणाल्या.

"मग त्यांना वाढणार कोण? तू?"

"हो, मी."

"लिहून दे."

आणि खरंच लिहून घेतलं. ताईच्या मोत्यासारख्या अक्षरात तीन कलमं झाली. एक, धाकट्या बहिणीने सशांच्या जेवणाची सोय मैदानात करावी. दोन, चाळीस दिवसांनंतर वाफ्यात सशाचा दात लागलेला आढळल्यास यंत्र बोलवावे. तीन, रडारड चालणार नाही. खाली दोघींच्या सह्या. कागद देवघराच्या नाही, धान्याच्या डब्यांच्या फळीवर गेला, कारण ताईच्या लेखी तीच घरातली सर्वांत सुरक्षित जागा होती.

बाई कार्यालयात मैदानात चारा पेरायची परवानगी आणायला गेल्या तर तिथे नवीन भानगड. मैदानाखाली पाण्याचे जुने नळ होते. वरवर खरवडलं तर चालेल, पण नांगर नाही, कुदळ नाही, खुरपंसुद्धा नाही. बाई तोंड पाडून बियाणेवाल्याच्या दुकानात जाऊन बसल्या. हाही त्यांचा विद्यार्थी, नंबर नऊ.

"बाई, नांगर हवाय कुणाला?" नऊ नंबर हसला. "जमीन उलथलीत तर खाली झोपलेलं तणाचं बी जागं होईल आणि दुप्पट रान माजेल. आहे त्या गवतात बी फेका आणि वरून गवत तुडवून आडवं करा. तेच पांघरूण होईल. ओल धरेल, पाखरांपासून बी लपवेल. फक्त एक ध्यानात ठेवा, बी मातीला टेकलं पाहिजे. गवतात अधांतरी अडकून राहिलं तर गेलंच म्हणून समजा."

"तुडवायचं?" बाईंचे डोळे चमकले. "आपल्याला तेवढंच तर येतं."

बाईंनी एक्केचाळीस जणांना फोन केले. रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर एकोणीस हजर. बाकीच्यांना लग्नं, पाहुणे आणि अचानक आलेली सर्दी आडवी आली. बाईंनी हजेरी घेतली. पोटं सुटलेली, टकलं पडलेली, दोघींच्या गुडघ्यांना पट्टे. दातांचा डॉक्टर झालेला बत्तीस नंबर पांढरे बूट घालून आला होता, त्याची बाईंनी सगळ्यांसमोर हजामत केली.

आधी सगळ्यांनी हातांनी बी फेकलं. लसूणघास, मुळा, चवळी, ओट. मैदानाची पलीकडची पट्टी बाईंनी तशीच ठेवली, सशांना लपायला. मग शिट्टी वाजली. चार रांगा. सावधान. डावा, उजवा, डावा, उजवा.

आता इथे जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. एकोणीस माणसांना गवतात मोकळं सोडून "नाचा रे" म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. पण बाईंच्या मैदानावर मोकळं? चौतीस वर्षांत नाही झालं ते आज होणार होतं? "पुढच्याच्या पावलावर पाऊल!" त्या गरजल्या. "रांग मोडली तर पहिल्यापासून!" आणि ती सगळी पोक्त माणसं, घरी कुणाचं ऐकून न घेणारी, नेमकी पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकत तीस फेऱ्या चालली. फक्त सव्वीस नंबरचं पाऊल चुकत होतं. तेव्हाही चुकायचं. हा सव्वीस नंबर गावात घड्याळं दुरुस्त करायचा.

"सव्वीस! सगळ्यांचा डावा तो तुझा उजवा का?"

"बाई, मी बरोबरच टाकतोय, हे सगळे पुढे आहेत!"

मधेच दोन ससे बत्तीस नंबरच्या पायांतून सुसाट निघाले आणि डॉक्टर असा काही उडाला की उंच उडीत शाळेत असताना कधी उडाला नव्हता. दहा वाजता फक्त एक कोपरा राहिला, ताईच्या कुंपणालगतचा. सगळ्यांत महत्त्वाचा कोपरा, कारण ससे तिथूनच वाफ्यांत शिरायचे. पण तेवढ्यात सतरा नंबरच्या कमरेत चमक भरली. दोघांनी धरून त्याला नेलं आणि परेड तिथेच विसर्जित झाली. "उरलेलं मी उद्या एकटी तुडवीन," बाई म्हणाल्या.

कुंपणाआडून ताई सगळं बघत होती. "सर्कस संपली का?" एवढंच म्हणून ती काठी टेकत आत गेली.

उद्या काही उजाडला नाही. दवात तीन तास ओरडल्याचं फळ म्हणून संध्याकाळी बाईंना सणकून ताप भरला. मंगळवारी रेडिओवर रात्री पाऊस येणार असं सांगितलं तेव्हा बाई अंथरुणातून उठायला लागल्या. त्या कोपऱ्यात बी फेकलेलं होतं, पण गवतात वरच्यावर अडकलेलं. मातीला टेकलेलंच नाही!

"ताई, मला जाऊ दे. अर्ध्या तासाचं काम आहे."

"पडून राहा," ताई म्हणाली आणि खोलीला बाहेरून कडी घातली. "कलम तीन वाच."

बाई उशीत तोंड खुपसून रडल्या. ताप होता म्हणून रडल्या असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सख्ख्या बहिणीने अशी कडी घालायला नको होती, हा राग मात्र तापाचा नव्हता.

दहाव्या दिवशी ताप उतरला. ताई दवाखान्यात पाय दाखवायला गेली होती, आठवड्यापासून तिचा खुबा ठणकत होता. तेवढ्यात बाई रस्त्याने फिरून मैदानावर पोचल्या आणि जागीच थिजल्या.

आडव्या पडलेल्या पिवळ्या गवतातून हिरवी पावलं उगवली होती. चार रांगा, एकमेकींना समांतर, पाऊलभर हिरवं, मग पिवळं, पुन्हा पाऊलभर हिरवं. जिथे टाच पडली होती तिथेच बी मातीला टेकलं होतं. बाकी सगळं नुसतं पिवळं गवत. आणि तिसऱ्या रांगेत, दोन पावलांच्या बरोबर मधे, एक पाऊल सारखं चुकलेलं. सव्वीस नंबर! बाई एकट्याच खो खो हसल्या. असा पुरावा त्यांना चाळीस वर्षांपूर्वी मिळाला असता तर त्याच्या बापालाच आणून दाखवला असता.

मग हसू ओसरलं. एवढ्याशा हिरव्या टिकल्यांवर किती ससे जेवणार? आपल्या शिस्तीनेच आपला घात केला, हे त्यांना स्वच्छ कळलं. आता उरलेला कोपरा बघायचीही हिंमत नव्हती, पण घरी जायची जवळची वाट तिथूनच होती.

कोपरा गच्च हिरवा होता.

बाईंना आधी वाटलं, नजर चुकतेय. त्या खाली वाकल्या. इथे रांग नव्हती, शिस्त नव्हती. एक छोटं पाऊल, शेजारी घासत गेल्याची लांब हिरवी रेघ, आणि बाजूला रुपयाएवढा गोल हिरवा ठिपका. पुन्हा पाऊल, रेघ, ठिपका. वळून वळून, एकमेकांवरून, बोटभर जागा न सोडता. पावलाला पाऊल, घासणाऱ्या पायाला रेघ, काठीच्या रबरी बुडाला ठिपका.

आणि दर दहाबारा पावलांवर आणखी काहीतरी होतं. चार ठिपके, चौकोनात. बाईंना कळायला वेळ लागला. स्वयंपाकघरातलं स्टूल. ताई स्टूल घेऊन आली होती. दहा पावलं तुडवायची, बसायचं, उठायचं, स्टूल पुढे सरकवायचं. बाईंनी मोजलं. ताई अकरा वेळा बसली होती.

मंगळवारी, पावसाच्या आधी, खोलीला बाहेरून कडी घालून.

बाई त्या चार ठिपक्यांवरून हात फिरवत राहिल्या. आपण उशीत रडत होतो तेव्हा ही इथे होती, आणि आपण हिलाच मनात नाही नाही ते बोललो, या विचाराने त्यांना स्वतःचाच राग आला. कलम तीनही त्यांनी मोडलं, चांगलं दहा मिनिटं.

घरी स्टूल जागेवर होतं, त्याचे पाय ताईने केव्हाच धुऊन ठेवले होते. ताई दवाखान्यातून परत आली. "पाय कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"पायाला काय झालंय? म्हातारपण आहे ते," ताई म्हणाली. "आणि चाळिसावा दिवस नाही उजाडला अजून, तेव्हा मला लाडीगोडी लावू नकोस." बाईंनी तिच्यासाठी चहा टाकला. त्या दोघी बहिणी होत्या, एवढं न बोलता समजायला साठ वर्षं गेली होती.

त्यानंतर नऊ नंबरच्या सांगण्यावरून बाईंनी आणखी दोन रविवार परेड घेतली, पण या वेळी डोळ्यांवर हात ठेवून. "वाट्टेल तसे चाला," त्या म्हणाल्या, आणि ते म्हणताना त्यांना दात काढून घेतल्यासारखं झालं. गवत मोडलं, बी टेकलं, मैदान हळूहळू भरत गेलं. सकाळी सकाळी कोपऱ्यात सहासात लांब कान दिसू लागले.

चाळिसाव्या दिवशी पहाटे दोघी बहिणी कागद घेऊन वाफ्यांवर गेल्या. पालक शाबूत. कोबी शाबूत. घेवडा शाबूत. गाजराच्या वाफ्याच्या टोकाला तीन शेंडे गायब होते. तिरपे, सुरीने कापल्यासारखे. असा छेद फक्त सशाचा.

बाई आपोआप सावधान उभ्या राहिल्या, हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर. ताई काठीवर वाकून त्या तीन देठांकडे खूप वेळ बघत राहिली. आयुष्यभर कोर्टाच्या कागदात तिने एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं.

"हे मी खाल्ले," ताई म्हणाली.

"काय?"

"गाजराचे शेंडे. मगाशी. भूक लागली होती."

"असे? वाफ्यात वाकून? कच्चे?"

"माझा वाफा, माझे दात. तुला काय करायचंय?"

बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले. कवळी आत वाटीत होती.

ताईने कागदाची घडी घातली आणि कनवटीला लावली. मग काठी टेकत, डावा पाय घासत घराकडे निघाली. चार पावलांवर थांबली, मागे वळून बघितलं. धाकटी अजून तशीच ताठ उभी होती, डोळे भरून आलेले.

"उभी काय राहिलीस?" ताई म्हणाली. "विश्राम."