उजव्या बाजूचा पाट

आमच्या गावाला सगळं माहीत असतं, फक्त कुणी तोंडाने म्हणू नये एवढीच अट असते. राधाकृष्ण टेलरांनी ती अट मोडली म्हणून गाव चिडलं. नाहीतर अकरा वर्षं एका घरात दोन पुरुष राहतात हे काय कुणाला दिसत नव्हतं?

राधाकृष्ण मूळचे जामखेडकडचे. घरच्यांनी तीन मुली दाखवल्या, तेव्हा चौथी दाखवायच्या आत शिलाई मशीन एसटीच्या टपावर टाकून ते आमच्या गावात आले. त्या घरातले दुसरे, सहादेव, भिंगारला लष्करी कारखान्यात फिटर होते, रोज एसटीने जायचे-यायचे. राधाकृष्ण मापाला चोख आणि जिभेला तिखट. सहादेव दिवसाला दहा शब्द बोलले तरी खूप. आळीतल्या सगळ्या बायकांची पोलकी या टेलरमामांकडेच असायची. आमचं घर त्यांच्या समोर. मी शाळेत शिक्षिका, आणि माझे वडील शामकांतगुरुजी गावचे भटजी.

एकाहत्तर साली मामा नगरपालिकेला अपक्ष उभे राहिले. विरोधकांनी भिंतीवर रंगवलं, 'ज्याला बायको नाही, त्याला वॉर्ड कशाला?' मामा चौकात टेबलावर चढले.

"लिवलंय ते खरं हाय. मला बायको न्हाई. मी आन सहादेव जोडीनं राहतो, नवरा-बायको राहत्यात तसंच, आन हितून पुढंबी तसंच राहनार. झालं समाधान? आता नळाचं बोलू."

केशरबाई भाजीवाली गर्दीतून ओरडली, "माज्या नवऱ्याला बायको हाय, त्यानं कोनता वार्ड सांभाळला?"

मामा चाळीस मतांनी निवडून आले.

पुढच्याच वर्षी दुष्काळ. वॉर्डातली विहीर आटली आणि टँकर चार-चार दिवसांनी यायला लागला. मामांनी सगळ्या बायकांचे रिकामे हंडे नगराध्यक्ष रंगनाथरावांच्या दारात नेऊन मांडले. बोअर मंजूर होईपर्यंत एकही हंडा हलू दिला नाही. बोअरला पाणी लागलं, आणि हातपंप सहादेवांनी रजा काढून स्वतः बसवला.

आमच्याकडे नव्या पाण्याची पूजा जोडीने करतात. नवरा पाटावर बसतो, उजव्या बाजूच्या पाटावर बायको, आणि तिचा हात त्याच्या हाताला लागलेला. बायको वारलेली किंवा परगावी असेल तर तिच्या पाटावर सुपारी मांडतात. पूजेच्या सकाळी रंगनाथराव म्हणाले, "नगरसेवकांनी सुपारी मांडून बसावं. नाहीतर मी सपत्नीक बसतो." पंपाला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या खिशात. शंभरेक बायका हंडे घेऊन ताटकळत होत्या. माझ्या वडिलांनी पाटावर सुपारी ठेवलीसुद्धा. मला त्यांचा भयंकर राग आला.

सहादेव कडेला हातातला पाना पुसत उभे होते. "मांडू दे," ते हळूच म्हणाले. "बायांना पानी मिळू दे. माजं काय जातंय?"

"तुजं न्हाई, माजं जातंय." मामा वडिलांकडे वळले. "गुरुजी, सुपारी कदी मांडत्यात?"

"पत्नी हयात नसली तर. किंवा परगावी असली तर."

"मग माजं मानूस मेलंय का? परगावी गेलंय का? ह्यो काय तुमच्या म्होरं उभा हाय, पंप बसवून! जित्या मानसाची सुपारी मी मांडनार न्हाई. ऱ्हाऊ द्या कुलूप."

सगळे बायकांकडे बघायला लागले. केशरबाईने हंडा खाली ठेवला आणि त्यावरच बैठक मारली. "ऱ्हाऊ द्या. आमाला घाई न्हाई." मागच्या बायकाही बसल्या.

वडिलांनी पाटावरची सुपारी उचलली, पिशवीतून अडकित्ता काढला, सुपारी कातरली आणि एक खांड तोंडात टाकलं.

"सहादेव, पाना ठेवा. हात धुऊन उजव्या बाजूला बसा."

"गुरुजी, धर्म बुडवताय!" रंगनाथराव ओरडले.

"नियम गावाला मीच सांगतो ना? मग नियमात बसतंय."

केशरबाई उठून रंगनाथरावांसमोर हात पसरून उभी राहिली, ती किल्ली हातात पडेपर्यंत.

त्यानंतर नऊ घरांनी वडिलांना पूजेला बोलावणं बंद केलं. आमची ओढाताण झाली, पण मी त्या वर्षाएवढी ताठ मानेने गावात कधीच फिरले नव्हते. मामांना 'राजीनामा द्या' म्हणणारी पत्रं येत. ते त्या पत्रांच्या पाठीवर ब्लाऊजची मापं लिहीत.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सहादेव छातीत कळ येऊन गेले. महिन्याभराने पंपाची वर्षपूजा आली. रंगनाथराव मोठ्या मायेने म्हणाले, "आता एकट्यानेच बसा. सुपारीबिपारी कशाला? तुमचं काय लग्नाचं माणूस गेलंय थोडंच!"

मामांनी उजव्या बाजूचा पाट स्वतः पुसला, सदऱ्याच्या खिशातून सुपारी काढली आणि वडिलांच्या हातावर ठेवली.

"गुरुजी, आता मांडा."

वडिलांनी ती पाटावर मांडली. मग सगळ्या गावादेखत, मामांच्या आधी, त्यांनीच तिला हात जोडले.