द्राक्षमळ्याच्या बांधावरची गुळवेल

जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या एका लहानशा प्रयोगशाळेत अरुणा चहा तपासत असे. औषधी चहाच्या पुड्यांत शेतातल्या विषारी तणांचा अंश तर मिसळलेला नाही ना, हे पाहणे तिचे काम. त्या हिवाळ्यात छातीच्या संसर्गाने तिला पुन्हा पुन्हा आडवे केले आणि वसंत उजाडला तरी अंगातला शिणवटा हलेना. विश्रांती घ्या, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती कुठून आणायची, हे त्यांनी सांगितले नाही.

अशात सासरे, आत्माराम, अकोल्याहून आले. निवृत्त शिक्षक, स्वाइन फ्लूच्या साथीत त्यांनी विहारात येणाऱ्या प्रत्येकाला गुळवेलीचा काढा पाजला होता. गावाबाहेर फिरताना द्राक्षमळ्याच्या बांधावर त्यांना गुळवेलीसारखी हृदयाच्या आकाराची पाने दिसली, आणि दुसऱ्या सकाळपासून अरुणाच्या हाती कडूजहर पेला येऊ लागला.

"बाबा, वेल आहे तर चढत कशी नाही?" तिच्या नवऱ्याने, नामदेवने, एकदा विचारले.

"थंडीनं खुरटली. तू नाही का इथं येऊन खुरटलास!"

लेक धम्मदीपा नुसत्या वासानेच, 'शी' म्हणावे तसे, "इगिट!" म्हणत नाक दाबून पळे. अरुणा मात्र पीत राहिली. परक्यांच्या पुडीत विषाचा कण हुडकणाऱ्या या बाईने घरच्या पेल्यात काय आहे, ते कधी विचारले नाही. म्हाताऱ्या माणसाने पहाटे उठून उकळलेले नाकारायला जे बळ लागते, तेच तर संपले होते.

जूनमध्ये आत्माराम फुलांसकट जुडी घेऊन आले. पानांच्या बेचक्यांत पिवळट, नळीसारखी फुले. ती पाहताच अरुणाने ओळखले. ही गुळवेल नव्हती. इथल्या मळ्यांत उगवणारी ऑस्टरलुत्साय नावाची विषारी वनस्पती होती. तिच्यातले आम्ल जनुकांना चिकटते, मूत्रपिंडे आतून निबर करते. ती निकामी होऊ लागली की प्रतिकारशक्तीही ढासळते, आणि मूत्रमार्गाचा कर्करोग कित्येक वर्षांनीसुद्धा डोके वर काढू शकतो. याच कुळातल्या वनस्पतींच्या औषधांना या देशात एकेकाळी प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून मान होता. पुढे बंदी आली.

"मामा, ही गुळवेल नाही. विषारी आहे."

"काहीतरीच! अख्ख्या विहाराला पाजलाय मी काढा."

"तो खरा होता. हा नाही." तिने आवाज चढवला नाही, तेवढीही उमेद नव्हती. "तुम्ही प्यायलात का हो?"

"रोज. आधी मी चाखायचो, मग तुला द्यायचो."

अरुणाने जुडी कागदात गुंडाळली. "जुडी टाकू नका. उद्या डॉक्टरांना दाखवू. दोघांचंही रक्त, लघवी तपासायची."

"त्यात काही निघालं नाही, म्हणजे सुटलो ना?"

हो म्हणणे सोपे होते. त्यांची झोप तरी वाचली असती. पण मग अकोल्याला परतल्यावर ते पुन्हा तपासणीला गेले नसते.

"नाही, मामा. पुढची कित्येक वर्षं तपासत राहायचं. मी इथं, तुम्ही तिकडं."

आत्माराम खुर्चीवर बसले. त्यांनी स्वतःचे तळहात समोर धरले.

"माझ्याच हातानं गं," ते म्हणाले.

अरुणाने दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्याशेजारी बसली. समजूत घालायला शब्द शोधायचे होते. ते तिने उद्यावर टाकले.